पाण्याची गाळणी केव्हा तुंबणार? सूत्र आणि ‘शिकणारा’ संगणक यांची युती

खास प्रतिनिधी

हिंगोली : मराठवाड्यातील पिण्याच्या पाण्याचा प्रश्न दुपदरी आहे. पाणी मिळणे हा त्याचा एक पदर, तर मिळालेले पाणी पिण्याजोगे असणे हा दुसरा. पहिल्यासाठी धरणे, जलवाहिन्या, टँकर असे अनेक उपाय योजले गेले. दुसऱ्यासाठी मात्र शहरांपासून मोठ्या गावांपर्यंत एकच उपाय रूढ होत गेला आणि तो म्हणजे ‘आरओ’. लग्नाच्या मांडवात, दुकानांत आणि कचेऱ्यांत दिसणारे ‘फिल्टरच्या पाण्या’चे जार याच यंत्रातून भरले जातात.

या यंत्राच्या पोटात एक पातळ पडदा असतो. कारागिरांच्या भाषेत त्याला ‘मेम्ब्रेन’ म्हणतात. हा पडदा सुरू झाल्या दिवसापासून तुंबू लागतो. तो केव्हा धुवावा, केव्हा बदलावा, आणखी किती दिवस तो पुरेसे पाणी देईल, याचा अंदाज बहुतेक ठिकाणी मेकॅनिकच्या अनुभवावर सोडलेला असतो. हा अंदाज शास्त्रशुद्ध करण्यासाठी गेली तीन दशके जगभर प्रयत्न सुरू आहेत. एका बाजूला भौतिकशास्त्राची सूत्रे आहेत, तर दुसऱ्या बाजूला अनुभवातून शिकणारी संगणकीय ‘न्यूरल नेटवर्क’ आहेत. दोन्हींच्या मर्यादा लक्षात आल्यानंतर संशोधकांनी त्यांची सांगड घातली. कमी नोंदी आणि सतत बदलणारे पाणी अशी स्थिती असलेल्या हिंगोलीसारख्या जिल्ह्यांना या सांगडीचा अर्थ समजून घेणे उपयुक्त ठरावे.

खडकातील पाणी

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ आणि वसमत हे त्याचे पाच तालुके. पूर्णेवरील सिद्धेश्वर आणि पैनगंगेवरील इसापूर ही धरणे असली, तरी कालव्यापासून आणि नळयोजनेपासून दूर असलेल्या वस्त्यांची भिस्त विहिरी आणि बोअरवरच असते. दख्खनच्या काळ्या बेसॉल्ट खडकात पाणी सर्वत्र सारखे साठत नाही. ते भेगांत आणि झिजलेल्या थरांत अडकून राहते. त्यामुळे एका बोअरचे पाणी गोड, तर शेजारच्या बोअरचे जड, असा अनुभव येतो. शिवाय एकाच बोअरचे पाणी पावसाळ्यानंतर एक आणि एप्रिल-मे महिन्यांत दुसरे असू शकते.

भारतीय मानक ब्युरोने पिण्याच्या पाण्यासाठी ठरविलेल्या निकषांनुसार एकूण विरघळलेले क्षार, म्हणजे ‘टीडीएस’, लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत. दुसरा स्रोत नसेल तर ही मर्यादा २००० पर्यंत ताणता येते. नायट्रेटला मात्र अशी सवलत नाही. त्याची मर्यादा ४५ मिलिग्रॅम आहे. रासायनिक खते, उकिरडे आणि शौचालयांच्या शोषखड्ड्यांतून झिरपणारे नायट्रेट हे महाराष्ट्रातील भूजलाचे एक जुने दुखणे आहे. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. पाणी उकळल्याने ते जात नाही, उलट पाणी आटल्यामुळे त्याचे प्रमाण वाढते. तान्ह्या मुलांच्या रक्तातील प्राणवायू वाहून नेण्याची क्षमता त्यामुळे घटू शकते. अशा पाण्यावर आरओचा पडदा उपयोगी पडतो, पण तो धडधाकट असेल तरच. साहजिकच पडद्याच्या प्रकृतीचा अंदाज ही केवळ यंत्राच्या देखभालीची बाब राहत नाही.

पडद्याचे काम

पडद्याने गाळण्याचे ढोबळमानाने दोन प्रकार सांगता येतील. ‘अल्ट्राफिल्ट्रेशन’च्या पडद्याला अतिसूक्ष्म छिद्रे असतात. ती मायक्रॉनच्या शंभराव्या ते दहाव्या भागाएवढी असून, आपला केस काही दहा मायक्रॉन जाड असतो. गढूळपणा, जिवाणू या छिद्रांतून जात नाहीत. मात्र विरघळलेले क्षार आणि नायट्रेट सहज जातात. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने असे पडदे देशातच विकसित केले आहेत.

दुसरा प्रकार ‘रिव्हर्स ऑस्मॉसिस’ म्हणजेच आरओ. यातील पडद्याला नेहमीच्या अर्थाने छिद्रेच नसतात. पाण्याचे रेणू पडद्याच्या पदार्थात शिरून पलीकडे पाझरतात आणि क्षार बव्हंशी मागे राहतात. पाणी स्वभावतः कमी क्षारांकडून अधिक क्षारांकडे ओढले जाते. या ओढीला परासरण दाब म्हणतात. लिटरमागे १००० मिलिग्रॅम क्षारांसाठी तो सुमारे पाऊण बार, तर समुद्राच्या पाण्यासाठी सुमारे २७ बार भरतो. पंपाने त्याहून अधिक दाब दिला की प्रवाह उलटा होतो. व्यवहारात उपयोगी पडेल असा पडदा सिडनी लोएब आणि भारतीय वंशाचे श्रीनिवास सौरीराजन यांनी १९६० च्या सुमारास कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस येथील संकुलात तयार केला. १९६५ मध्ये कॅलिफोर्नियातील कोअलिंगा या गावात त्यावर आधारित पाणी प्रकल्प सुरू झाला.

चक्क्याचे फडके आणि सूत्र

पडदा तुंबतो म्हणजे नेमके काय होते, हे श्रीखंडासाठी दही टांगणाऱ्या कोणत्याही गृहिणीला ठाऊक असते. फडक्यातून पाणी आधी भराभर निथळते, मग थेंब थेंब पडू लागते. फडके तेच असते, पण त्याच्या आतल्या अंगाला चक्क्याचा थर बसलेला असतो आणि आता पाण्याला त्या थरातूनही वाट काढावी लागते. पडद्याचेही असेच होते. मातीचे सूक्ष्म कण, जिवाणूंचा बुळबुळीत लेप आणि चुन्याच्या क्षारांचा खडखडीत थर हे त्याचे तीन प्रमुख शत्रू होत.

या घडामोडीमागचे मूळ सूत्र जुने आहे. फ्रान्समधील दिजाँ शहराच्या पाणीपुरवठ्याचे अभियंता आंरी दार्सी यांनी १८५६ मध्ये वाळूतून झिरपणाऱ्या पाण्याचा नियम मांडला. पडद्याला लावताना तो असा सांगता येतो : पाण्याचा प्रवाह हा दाबाच्या प्रमाणात वाढतो आणि अडथळ्याच्या प्रमाणात घटतो. दाबातून परासरण दाब वजा करायचा. अडथळ्यात पडद्याचा स्वतःचा अडथळा, त्यावर बसलेल्या थराचा अडथळा आणि पाण्याचा दाटपणा हे सारे धरायचे.

दुसरा नियम जमाखर्चाचा. जेवढे क्षार आत आले, तेवढेच बाहेर गेले किंवा आत साचले पाहिजेत. यातून एक महत्त्वाची गोष्ट कळते. समजा, बोअरच्या पाण्यात लिटरमागे १२०० मिलिग्रॅम क्षार आहेत आणि पडदा जवळपास सर्व क्षार अडवितो. निम्मे पाणी शुद्ध करून घेतले, तर उरलेल्या पाण्यात क्षार दुप्पट, म्हणजे २४०० होतात. पाऊण हिस्सा घेतला, तर चौपट म्हणजे ४८००. नव्वद टक्के घेतल्यास दहापट. एवढ्या दाट पाण्यातून चुना खाली बसू लागतो आणि पडद्यावर थर धरतो. म्हणजे पाणी वाया घालवू नये म्हणावे तर पडदा लवकर तुंबतो आणि पडदा जपावा तर पाणी गटारात जाते. राष्ट्रीय हरित लवादाने मे २०१९ मध्ये, जेथे आरओ वापरण्यास मुभा असेल तेथे किमान ६० टक्के पाणी उपयोगात आले पाहिजे, असा आदेश दिला, त्यामागे हीच नासाडी होती. या ओढाताणीत मधली वाट काढायची, तर पडदा कसा वागेल हे आधी कळायला हवे.

येथे सूत्राची मर्यादा समोर येते. थर बसल्यावर प्रवाह किती घटेल, हे सूत्र सांगते. पण अमुक गावच्या पाण्याने थर किती वेगाने बसेल, हे ते सांगू शकत नाही. तो वेग क्षारांच्या मिश्रणावर, जिवाणूंवर, आधीच्या गाळणीवर, यंत्र दिवसातून किती तास बंद असते यावर अवलंबून असतो. प्रयोगशाळेत साध्या द्रावणावर बेतलेली समीकरणे खऱ्या बोअरच्या पाण्यापुढे अनेकदा तोकडी पडतात.

शिकणारा संगणक

न्यूरल नेटवर्कची कल्पना मेंदूतील पेशींच्या जाळ्यावरून सुचली. मॅककलक आणि पिट्स यांनी १९४३ मध्ये तिची गणिती मांडणी केली. १९८६ मध्ये रुमेलहार्ट, हिंटन आणि विल्यम्स यांच्या निबंधाने अशा जाळ्यांना चुकांतून शिकविण्याची पद्धत सर्वत्र पोहोचली. याच क्षेत्रातील पायाभूत कामासाठी जेफ्री हिंटन यांना जॉन हॉपफील्ड यांच्यासह २०२४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

नेटवर्कला नियम शिकवावे लागत नाहीत, उदाहरणे दाखवावी लागतात. पाण्याचा दाब, तापमान, क्षार आणि त्या दिवशी मिळालेले पाणी, अशा शेकडो दिवसांच्या नोंदी दिल्या की त्यांतील संबंध ते स्वतः शोधते. प्रथम ते चुकीचे उत्तर देते, चूक किती झाली हे पाहून आपल्या आतील आकडे किंचित बदलते आणि पुन्हा उत्तर देते. असे हजारो वेळा झाल्यावर उत्तरे जुळू लागतात. मुरलेल्या मेकॅनिकला पंपाचा आवाज ऐकूनच बिघाड कळतो, त्यातलाच हा प्रकार म्हणता येईल.

फ्रान्समध्ये पिण्याच्या पाण्याच्या अल्ट्राफिल्ट्रेशनसाठी पडद्यावरील दाबाचा अंदाज नेटवर्कच्या साहाय्याने वर्तविण्याचे काम १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले. महाराष्ट्रही या विषयात मागे नव्हता. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील एस. एस. तांबे आणि बी. डी. कुलकर्णी यांनी पी. बी. देशपांडे यांच्यासह रासायनिक अभियांत्रिकीतील न्यूरल नेटवर्कच्या उपयोगावर १९९६ मध्येच ग्रंथ लिहिला होता.

मात्र या हुशार विद्यार्थ्याची एक खोड आहे. जे पाहिले त्यात तो तरबेज असतो, पण जे पाहिलेच नाही त्याविषयीही तो तितक्याच आत्मविश्वासाने बोलतो. चांगल्या पावसाच्या तीन वर्षांच्या नोंदींवर एखादे नेटवर्क तयार केले आणि चौथे वर्ष २०१६ सारखे निघाले, तर काय होईल? त्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. अशा वर्षी बोअर खोल जातात आणि पाण्याचा गुण बदलतो. नेटवर्कने असे पाणी कधी पाहिलेले नसते. तरीही ते उत्तर देतेच. कधी ते आत आलेल्या क्षारांपेक्षा बाहेर अधिक क्षार दाखवील, तर कधी पंपाचा दाब परासरण दाबाएवढाच असतानाही पाणी वाहते असे सांगेल. त्याला निसर्गाचे नियम कोणी सांगितलेलेच नसतात.

सांगड घालण्याचे तीन मार्ग

यावर तोडगा म्हणून पुढे आलेली कल्पना मोठी सरळ आहे. जे आपल्याला निश्चित माहीत आहे, ते संगणकाला पुन्हा शिकायला लावू नये. जे माहीत नाही, तेवढेच त्याच्याकडे सोपवावे. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील सिकोगिओस आणि उंगार यांनी १९९२ मध्ये रासायनिक प्रक्रियांसाठी ही संमिश्र पद्धत मांडली. १९९७ मध्ये फ्रान्समधील पिरॉन आणि सहकाऱ्यांनी पडद्याने गाळण्याच्या प्रक्रियेसाठी केवळ नेटवर्कचे आणि अर्धे भौतिक, अर्धे नेटवर्कचे अशी दोन्ही प्रारूपे मांडली.

पहिला मार्ग एकामागे एक जोडणीचा. नेटवर्क फक्त एवढेच सांगते की, आजच्या पाण्याने पडद्यावरील अडथळा किती वाढेल. तो आकडा सूत्रात जातो आणि प्रवाहाचा अंतिम हिशेब सूत्रच करते. त्यामुळे नेटवर्कचा अंदाज थोडा चुकला, तरी क्षारांचा जमाखर्च बिघडत नाही.

दुसरा मार्ग शेजारी शेजारी जोडणीचा. सूत्र आपले उत्तर देते, प्रत्यक्ष नोंद वेगळी निघते आणि या दोहोंतील फरक कसा वागतो, तेवढेच नेटवर्क शिकते. शिक्षकाने फळ्यावर सोडविलेल्या गणितात स्थानिक जाणकाराने दुरुस्ती सुचवावी, तसे हे आहे.

तिसरा मार्ग तुलनेने नवा आहे. यात शिकविण्याच्या पद्धतीतच नियम घातला जातो. नेटवर्कचे उत्तर नोंदींशी जुळले नाही तर त्याचे गुण कापले जातातच, शिवाय ते भौतिक समीकरणाशी विसंगत असेल तरीही कापले जातात. राइसी, पेर्दिकारिस आणि कार्नियाडाकिस यांच्या २०१९ च्या निबंधानंतर हा मार्ग विज्ञानाच्या अनेक शाखांत पसरला.

तिन्ही मार्गांचा समान लाभ म्हणजे नोंदी कमी लागतात. निम्मे ज्ञान सूत्राने आधीच दिलेले असते. मोठ्या शहरांच्या प्रकल्पांत दर मिनिटाला नोंदी घेणारी उपकरणे असतात. गावच्या आरओ केंद्रात दिवसातून एकदा वही भरली गेली तरी पुष्कळ. म्हणूनच ही सांगड मोठ्या प्रकल्पांपेक्षा लहान केंद्रांना अधिक मोलाची आहे.

हिवाळ्यातील फसगत, उन्हाळ्यातील धोका

तापमानाचे एक उदाहरण पुरेसे बोलके आहे. पाणी गार झाले की दाट होते आणि पडद्यातून सावकाश जाते. पाण्याचे तापमान एका अंशाने बदलले की आरओचा प्रवाह सुमारे तीन टक्क्यांनी बदलतो, असा ढोबळ हिशेब आहे. जमिनीखालचे पाणी वर्षभर फारसे गार-गरम होत नाही. पण ते गच्चीवरच्या टाकीत साठविले की हवेप्रमाणे बदलते. समजा, टाकीतील पाणी ३० अंशांवर असताना केंद्र तासाला १००० लिटर पाणी देते. डिसेंबरमध्ये तेच पाणी १८ अंशांवर आले, तर पडदा अगदी स्वच्छ असूनही प्रवाह ७०० लिटरच्या आसपास उतरतो.

तापमान न नोंदविणाऱ्या चालकाला वाटते, पडदा तुंबला. तो आम्लाने धुतला जातो. गरज नसताना झालेल्या अशा धुण्यांनी पडद्याचे आयुष्य घटते. तापमानाची नोंद नसलेले नेटवर्कही ‘डिसेंबर आला की पडदा तुंबतो’ एवढेच शिकेल.

उन्हाळ्यात याच्या उलट घडते आणि ते अधिक धोक्याचे आहे. ऊन वाढते, टाकीतील पाणी तापते, प्रवाह वाढतो. नेमक्या याच काळात बोअर खोल जाऊन क्षार वाढलेले असू शकतात आणि पडद्यावर थर साचत असतो. मात्र उष्णतेने वाढलेला प्रवाह ही घट झाकून टाकतो. केंद्र ठरल्याएवढे पाणी देत असल्याने सर्वांना सारे ठीक वाटते. शिवाय पाणी गरम झाले की पडद्यातून क्षारही अधिक प्रमाणात पलीकडे जातात. पावसाळ्यात पाणी गार होते, प्रवाह एकदम कोसळतो, तोवर चुन्याचा थर दगडासारखा घट्ट झालेला असतो. मग तो धुऊन निघत नाही, पडदाच बदलावा लागतो. नव्या पडद्याची तरतूद होईपर्यंत केंद्राला कुलूप लागते आणि गाव पुन्हा बोअरचे पाणी पिऊ लागते.

तापमानाचा परिणाम वजा करून प्रवाहाचा आकडा काढण्याला या व्यवसायात ‘नॉर्मलाइज’ करणे म्हणतात. असा काढलेला प्रवाह १० ते १५ टक्क्यांनी घटला की पडदा धुवावा, असा पडदा उत्पादकांचा सर्वसाधारण सल्ला असतो. संमिश्र प्रारूप याच्या एक पाऊल पुढे जाते. ही घट आणखी किती दिवसांनी होईल, हे ते आधी सांगू पाहते. तापमानाचा हिशेब सूत्र करते आणि उरलेली घट कशामुळे, किती वेगाने होते, हे नेटवर्क त्या गावच्या नोंदींवरून शिकते.

औंढ्याच्या माळावरची तीच युक्ती

नियम आणि अनुभव यांची अशी सांगड हिंगोलीला सर्वस्वी परकी नाही. औंढा नागनाथ तालुक्यात गुरुत्वीय लहरींचा वेध घेणारी ‘लायगो-इंडिया’ वेधशाळा उभारण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २६०० कोटी रुपयांच्या खर्चासह मंजुरी दिली. या लहरी इतक्या क्षीण असतात की त्या यंत्रातील गोंगाटात बुडून जातात. आइन्स्टाइनच्या सिद्धांतावरून लहरीचा आकार आधी गणिताने काढायचा आणि नोंदींत तो शोधायचा, या पद्धतीच्या उभारणीत पुण्याच्या ‘आयुका’ संस्थेतील डॉ. संजीव धुरंधर आणि सहकाऱ्यांचा मोठा वाटा आहे. दुसरीकडे, यंत्रातील निरनिराळ्या खरखरींची वर्गवारी करण्यासाठी अमेरिकेतील लायगोच्या नोंदींवर न्यूरल नेटवर्क वापरले जाते. लहरीसाठी सिद्धांत आणि खरखरीसाठी शिकणारा संगणक, अशी ही कामाची वाटणी आहे. पाण्याच्या पडद्याबाबतही तत्त्व तेच आहे.

मर्यादा आणि पथ्ये

ही सांगड म्हणजे रामबाण उपाय नव्हे. मूळ सूत्रच चुकीचे निवडले, उदाहरणार्थ थर मातीचा असताना चुन्याचा समजला, तर प्रारूपाचा अंदाज एका बाजूला झुकतो. न पाहिलेल्या पाण्याबाबत नेटवर्कचा भाग येथेही चुकू शकतो. सूत्रामुळे ती चूक आवाक्यात राहते, एवढेच. शिवाय टीडीएस मोजणारे छोटे यंत्र क्षारांची बेरीज दाखविते, त्यात नायट्रेट किती हे सांगत नाही. त्यामुळे कोणतेही प्रारूप पाण्याच्या प्रयोगशाळेतील तपासणीची जागा घेऊ शकत नाही.

खर्चाची बाजू मात्र दिसते तेवढी अवघड नाही. अशा कामासाठीचे नेटवर्क लहान असते. ते साध्या संगणकावर चालू शकते. खरी उणीव असते ती नोंदींची. पडद्याच्या आधीचा आणि नंतरचा दाब, शुद्ध पाण्याचा आणि टाकाऊ पाण्याचा प्रवाह, दोन्ही बाजूंचा टीडीएस आणि पाण्याचे तापमान, एवढे आकडे रोज ठराविक वेळी लिहिले आणि पडदा केव्हा, कशाने धुतला याची तारीख टाकली, तर एका वर्षात त्या केंद्राचा इतिहास तयार होतो. यासाठी दोन गेज, दोन प्रवाहमापक, एक टीडीएस मीटर, एक तापमापी आणि एक वही लागते.

ज्या केंद्रात आज संगणक येणार नाही, तेथेही ही वही उपयोगी आहे. तापमानाची तीन टक्क्यांची वजाबाकी कागदावर करता येते आणि डिसेंबरचे अनावश्यक धुणे किंवा मे महिन्यातील लपलेली घट तेवढ्यानेही उघड होऊ शकते. केंद्र चालविणारी ग्रामपंचायत असो, बचत गट असो की खासगी चालक, पाणी भरायला जाणाऱ्या ग्राहकाने त्यांना एक प्रश्न विचारायला हरकत नाही : पडदा मागच्या वेळी केव्हा धुतला आणि त्याची नोंद कोठे आहे?